अकरा व्हिलानुएवा

माणूस ओळखायला खैरुद्दीन बुरोंडकरला दोन प्रश्न पुरत. आडनाव काय, आणि गाव कुठलं. तिसरा प्रश्न विचारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. दापोली तालुक्यातल्या त्याच्या गावी आडनाव कळलं की मोहल्ला कळायचा, मोहल्ला कळला की घर कळायचं, आणि घर कळलं की त्या घरातल्या आजोबांनी आपल्या आजोबांशी कोणत्या बांधावरून अबोला धरला होता तेही कळायचं. एवढं कळल्यावर आणखी काही विचारणं म्हणजे जेवून उठलेल्याला जेवलात का विचारण्यासारखं.

ही पद्धत त्याने अबू धाबीतही चालू ठेवली. मोहम्मद बिन झायद सिटीत बू राशिद नावाच्या स्थानिक मालकाच्या सहा व्हिला होत्या. खैरुद्दीन आधी त्याचा ड्रायव्हर होता. व्हिला बांधून झाल्यावर तो त्यांचा केअरटेकर झाला. पाण्याच्या टाक्या धुऊन घेणं, एसीवाल्याच्या मागे लागणं आणि भाडेकरू आणणं ही त्याची कामं. एका व्हिलाच्या आवारातल्या जोडघरात, म्हणजे तिकडे ज्याला मुलहक म्हणतात त्यात, तो बायको मैमुनाबी आणि मुलगी माहनूर यांच्यासह राहायचा.

पद्धतीला काही अपवाद होते. मल्याळी माणसाला आडनाव विचारलं तर तो इंग्रजीतलं एक अक्षर सांगायचा. पठाण सगळेच खान निघायचे. इजिप्तचा माणूस स्वतःचं नाव सांगून झाल्यावर बापाचं, आज्याचं आणि पणज्याचं सांगायचा, म्हणजे आडनावाच्या जागी अख्खा वंश. या तिघांना खैरुद्दीनने हिशेबातून वगळलं होतं. बाकी कुठे पद्धत चुकली नव्हती. पुण्याचे सदानंद दामले तीन नंबरच्या व्हिलात राहायला आले तेव्हा पहिल्या मिनिटात मूळ गाव गुहागर निघालं होतं, आणि त्यानंतर दामल्यांच्या घरची कोकमं कधी संपली नाहीत.

दुबईत मंदी आली आणि तिची झळ अबू धाबीपर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. दामल्यांचं प्रोजेक्ट थांबलं. त्यांनी वॉशिंग मशीन मैमुनाबीला दिलं आणि ते पुण्याला परतले. व्हिला रिकामी पडली, ती पडूनच राहिली. अंगणातल्या खजुराला पाणी घालताना खैरुद्दीन बंद खिडक्यांकडे बघायचा आणि एसीचं काय होत असेल याचा विचार करायचा.

बू राशिदचा नियम साधा होता. व्हिलात एकच कुटुंब राहील. सडे नकोत, लाकडी पार्टिशन नको. नगरपालिकेचंही म्हणणं तेच होतं, आणि मंदीनंतर लोक एकेका घरात दाटीवाटीने राहायला लागल्यापासून ती ते जास्त जोरात म्हणत होती. खैरुद्दीनच्या आधीच्या केअरटेकरने एका व्हिलात फळ्या ठोकून माणसं कोंबली होती. बू राशिदला कळलं त्या आठवड्यात त्याचा व्हिसा रद्द होऊन तो विमानात बसला. बू राशिद चिडला नव्हता. त्याने फक्त "खलास" म्हटलं होतं. खैरुद्दीन तेव्हा ड्रायव्हर असल्यामुळे त्या माणसाला एअरपोर्टवर त्यानेच सोडलं होतं, आणि तो प्रवास त्याच्या चांगला लक्षात होता.

दोन हजार नऊच्या सुरुवातीला मारिविक आली. ती फिलिपीन्सची, एका क्लिनिकमध्ये नर्स, वयाने पस्तिशीची. तिच्याबरोबर राहणारे बाकीचे दुबईहून आले होते. कुणाची नोकरी गेलेली, कुणाला अबू धाबीत नवी मिळालेली. एकूण अकरा जण, असं तिने सांगितलं. खैरुद्दीनने वही वगैरे काढली नाही. त्याने विचारलं, आडनाव काय?

"व्हिलानुएवा, सर."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं, सर."

गाव कुठलं? तिने एका बेटावरच्या गावाचं नाव सांगितलं. सगळ्यांचं? सगळ्यांचं.

खैरुद्दीनला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत प्रथमच बाहेरच्या देशाची माणसं आपल्यासारखी सरळ निघाली होती: आधी नाव, मग आडनाव, मागे एक गाव. त्यातून आडनावाच्या सुरुवातीलाच व्हिला होती, हेही त्याला शुभ वाटलं. त्याने मारिविकला किल्ली दिली आणि संध्याकाळी बू राशिदच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीत, जाऊन बातमी सांगितली. अकरा माणसं आहेत, पण घर एकच. भावकी.

बू राशिदने भावकी म्हणजे काय ते विचारलं. खैरुद्दीनने सांगितलं, कबिला. बू राशिदला ते लगेच पटलं. तरी त्याने एकदा विचारलं, "पक्कं ना?"

"गॅरंटी," खैरुद्दीन म्हणाला.

दीड वर्ष तक्रारीला जागा नव्हती. व्हिलानुएवा मंडळी चपला दाराबाहेर रांगेत काढायची, कचरा झाकून ठेवायची, रविवारी चर्चला जाऊन आल्यावर अंगणात गाणी म्हणायची आणि नवाच्या ठोक्याला थांबायची. वरच्या मजल्यावर बायका, खाली पुरुष. न्हाणीघराबाहेर त्यांनी टॉवेलांसाठी अकरा खुंट्या ठोकल्या होत्या आणि प्रत्येक खुंटीखाली नाव लिहिलं होतं. नावांपुढे सगळीकडे व्हिलानुएवा लिहायचे कष्टही घेतले होते. खैरुद्दीनला ही शिस्त आवडली. चांगल्या घरचे लोक आहेत, असं तो मैमुनाबीला म्हणाला.

माहनूर तेव्हा अकरावीत होती. तिने एकदा इंटरनेटवर बघून सांगितलं की व्हिलानुएवा हे मूळचं स्पेनचं आडनाव. त्याचा अर्थ नवं गाव. स्पेनमध्ये या नावाची गावं ढीगभर आहेत, आणि त्या त्या गावच्या माणसांना ते चिकटलं. म्हणजे आपल्या नवगावकरांसारखं, खैरुद्दीन म्हणाला. म्हटलं ना, आपल्यासारखीच पद्धत.

"पण अब्बा, फिलिपीन्समध्ये लाखांनी व्हिलानुएवा आहेत. मोअर दॅन इन स्पेन."

"मोठी भावकी असेल," खैरुद्दीन म्हणाला.

"अब्बा, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स," माहनूर म्हणाली. पण तिचा दुसऱ्या दिवशी फिजिक्सचा पेपर होता, त्यामुळे ते कसं वर्क करतं हे राहूनच गेलं.

दोन हजार दहाच्या मध्याला मारिविक एक डबा घेऊन मुलहकच्या दारात आली. डब्यात शेवयांसारखा प्रकार होता. चिकन हलाल आहे, हे तिने आधी सांगितलं, मग बातमी. नेस्टर आणि जोसलिनचं लग्न ठरलंय. नेस्टर खालच्या मजल्यावरचा, ड्राफ्ट्समनचं काम करणारा; जोसलिन वरच्या मजल्यावरची, बेकरीच्या काउंटरवर बसणारी. लग्नात त्यांच्याकडे नवराबायकोला एक वडीलधारा माणूस लागतो, त्याला निनाँग म्हणतात. तो पुढे जन्मभर त्यांच्या पाठीशी उभा राहतो. इथे वडीलधारं असं कुणी नाही. सर व्हाल का?

खैरुद्दीनला आनंद झाला आणि तो त्याने आपल्या परीने व्यक्त केला. फार छान, तो म्हणाला. घरातल्या घरात लग्न म्हणजे उत्तमच. मुलगी कुठे जाते, काय खाते, काळजी नको. आणि मग आपुलकीने विचारलं, सख्खे चुलत की लांबचे?

मारिविकने डबा खाली ठेवला.

"सर, काय म्हणालात?"

खैरुद्दीनने फर्स्ट कझिन, सेकंड कझिन असं फोड करून सांगितलं. आमच्यात चालतं, तो म्हणाला. ही मैमुना माझ्या चुलत्याचीच मुलगी. लग्नाआधीही बुरोंडकर, नंतरही बुरोंडकर. खुंटीखालचं नाव बदलायला लागलं नाही.

मारिविकने मैमुनाबीकडे पाहिलं. मैमुनाबीने मान डोलावली.

"सर," मारिविक म्हणाली, "आमच्याकडे चुलत भावंडांचं लग्न फादर लावणार नाही, आणि आई चक्कर येऊन पडेल. नेस्टर आणि जोसलिन कोणी नाहीत एकमेकांचे. इथे राहायला आल्यावर ओळख झाली त्यांची."

खैरुद्दीनने हळूच विचारलं की मग एकमेकांचे कोण कोण आहेत. मारिविकने मनाशी सगळ्यांचा विचार केला. एडगर आणि आर्नेल सख्खे भाऊ आहेत, ती म्हणाली. बाकी कोणीच कोणाचं नाही.

"पण आडनाव एक. गाव एक."

त्यावर मारिविकने सांगितलं ते असं. तिच्या देशात आधी सगळ्यांना आडनावं नव्हती. स्पेनचं राज्य होतं. लोक संताचं नाव नाही तर मनाला येईल ते नाव लावायचे. बापाचं एक, मुलाचं दुसरं. सरकारला पट्टी कुणाकडून वसूल करायची ते कळेना. तेव्हा, म्हणजे अठराशे एकोणपन्नास साली, स्पॅनिश गव्हर्नरने हुकूम काढला आणि आडनावांचं एक जाडजूड पुस्तक छापून गावोगाव पाठवलं. प्रत्येक घराने त्यातलं एक घ्यायचं. कुठे कुठे पुस्तकाची पानंच वाटली गेली, त्यामुळे एका गावाला एक अक्षर मिळालं, शेजारच्या गावाला पुढचं. आमच्या गावाला व्ही आला, सर, आणि बऱ्याच घरांनी त्यातलं व्हिलानुएवाच घेतलं. शाळेत हजेरी घेताना मास्तर एकाच पानावर असायचे. स्पेनला आमच्यापैकी कोणाचे पणजोबाही गेले नव्हते.

खैरुद्दीनने हे सगळं ऐकून घेतलं आणि त्याला जो एकच प्रश्न सुचला तो विचारला. आधी का नाही सांगितलंस?

"तुम्ही आडनाव विचारलंत, सर. मग गाव विचारलंत. मग किल्ली दिलीत."

यात खोट काढायला जागा नव्हती. खैरुद्दीनने थोडी शोधलीही.

ती गेल्यावर मैमुनाबीने डबा स्वयंपाकघरात नेला. "माहनूरचे अब्बा," ती आतूनच म्हणाली, "तिसरा प्रश्न विचारला असता तर जीभ झिजली असती?"

आतल्या खोलीतून सगळं ऐकलेल्या माहनूरला मात्र गंमत वाटत होती. म्हणजे गव्हर्नरने डेटा एंट्री केली, ती म्हणाली. मग तिला आठवलं. आपलंही तेच ना? खैरुद्दीन पहिल्यांदा परदेशी निघाला तेव्हा मुंबईतल्या एजंटने पासपोर्टचा फॉर्म भरताना आडनावाच्या जागी वडिलांचं नाव टाकलं होतं. तेव्हापासून बुरोंडकर हे आडनाव तो फक्त तोंडी वापरत होता. कागदावर तो खैरुद्दीन अब्दुल गफूर होता, मैमुनाबी मैमुना इस्माईल होती आणि माहनूर होती माहनूर खैरुद्दीन. "आपला गव्हर्नर तो एजंट," माहनूर म्हणाली. बाप हसला नाही.

कारण बाहेर तपासणी सुरू झाली होती. शेजारच्या गल्लीत नगरपालिकेची गाडी येऊन गेली होती आणि एका घरासमोर गाद्यांचा ढीग पडला होता. तीन नंबरच्या व्हिलात कबिला नसून अकरा सडी माणसं आहेत हे बू राशिदला तपासनिसाकडून कळलं, तर पुढचा शब्द कोणता येईल हे खैरुद्दीनला ठाऊक होतं. त्या शब्दामागे नोकरी जाते, नोकरीमागे व्हिसा जातो, आणि माहनूरची बारावी अर्ध्यावर राहते. दोन दिवस त्याने टाक्या धुऊन काढल्या, ज्या मागच्याच आठवड्यात धुतल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मैमुनाबीने त्याचा इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर ठेवला. "दुसऱ्याने सांगायच्या आत जाऊन सांगा," ती म्हणाली.

मजलिसमध्ये बू राशिद एकटाच होता. खैरुद्दीनने पहिल्यापासून सांगितलं. गव्हर्नर, पुस्तक, व्ही हे अक्षर, काही गाळलं नाही. त्याच्या हिंदीत स्पेन नीट बसत नव्हता, पण बू राशिदने मध्ये तोडलं नाही. गहवाचा, म्हणजे अरबी कॉफीचा, पेला रिकामा झाला, आता पुरे या अर्थाने त्याने तो हलवून खाली ठेवला.

मग त्यानेही एक गोष्ट सांगितली. त्याच्या वडिलांच्या काळात देश झाला आणि पासपोर्ट आले. तंबूत टेबलं मांडून कारकून बसले होते. वडील एका रांगेत उभे राहिले, चुलते दुसऱ्या. एका कारकुनाने कबिल्याचं नाव लिहिलं, दुसऱ्याने आजोबांचं. आज चुलत भावांची आडनावं वेगळी आहेत, आणि बँकेत दर वेळी समजावून सांगावं लागतं.

"तू नाव विचारलंस, गाव विचारलंस," बू राशिद म्हणाला. "मीही तेच विचारलं असतं."

खैरुद्दीन उठायला लागला.

"पण गॅरंटी तू दिलीस."

तो परत खाली बसला. बू राशिदने हिशेब शांतपणे मांडला. मुसफ्फात, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांच्या भागात, त्याची जुनी इमारत होती, खाली दुकानं आणि वर खोल्या. नोकरदार माणसांना तिथे राहायची रीतसर परवानगी होती, आणि मंदीपासून ती अर्धी रिकामीच होती. व्हिलानुएवा तिकडे जातील. बायका एका मजल्यावर, पुरुष दुसऱ्या, लग्न ठरलेले दोघे लग्नानंतर कोपऱ्यातल्या खोलीत. तीन नंबरला कुटुंब मिळेपर्यंत व्हिला बंद ठेवायची नाही, नाहीतर एसी बिघडतात. "तू एक कुटुंब म्हणाला होतास. तुझं कुटुंब घेऊन तिथे राहा. तपासणीला माणूस येईल तेव्हा त्याला तिथे एक कुटुंब दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर खलास."

अशा रीतीने खैरुद्दीन बुरोंडकर पाच बेडरूमच्या व्हिलात राहायला गेला. व्हिलानुएवा मंडळींनी तक्रार केली नाही. मुसफ्फाहून नेस्टरचं ऑफिस जवळच पडत होतं. शुक्रवारी लग्न झालं. खैरुद्दीन कोट घालून गेला, सांगितलं तिथे उभा राहिला, सांगितलं तिथे सही केली. वधूचं आडनाव व्हिलानुएवा होतं ते व्हिलानुएवा झालं. मैमुनाबी पहिल्या रांगेत बसली होती, तिला यात नवल वाटलं नाही.

व्हिलात मात्र तिला चैन पडेना. स्वयंपाकघरातून माहनूरला हाक मारली तर ती ऐकू जाईना, म्हणून ती फोन करायची. तिघं मिळून एकाच खोलीत झोपायची. मुलहकमधून आणलेलं सामान दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात मावलं होतं आणि उरलेला दिवाणखाना तसाच होता.

तपासनीस आला तो तरुण होता, नम्र होता आणि कामाला पक्का होता. त्याने पाचही खोल्या उघडून पाहिल्या. चार रिकाम्या. तो न्हाणीघरापाशी थांबला. भिंतीवर अकरा खुंट्या होत्या, अकरा नावं होती. खैरुद्दीनने सगळं आवरलं होतं, पण चांगल्या खुंट्या उपटाव्यात असं त्याला वाटलं नव्हतं.

"किती माणसं राहतात?"

"तीन. एक फॅमिली."

तपासनिसाने कागद मागितले. पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी गेले होते. घरात पहिल्या पानांच्या झेरॉक्स होत्या. तपासनिसाने त्या शेजारी शेजारी धरल्या. अब्दुल गफूर. इस्माईल. खैरुद्दीन. त्याने पुन्हा एकदा खुंट्यांकडे पाहिलं.

"तीन माणसं, तीन आडनावं," तो म्हणाला. "आणि खुंट्या अकरा, त्यावर एक आडनाव. यातली फॅमिली कुठली?"

खैरुद्दीनने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे सांगायला आडनाव आणि गाव एवढंच आहे, आणि त्यातलं आडनाव कागदावर नाही. त्याने आपल्या गावाचं, बुरोंडीचं, नाव घेतलं. तपासनिसाने ते कुठे आहे असं विचारलं नाही. मग खैरुद्दीन मुंबईच्या एजंटपासून सुरुवात करू लागला. माहनूर मध्ये म्हणाली, "सर, इट्स अ डेटा एंट्री एरर." मैमुनाबीने तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि नवऱ्याला हळू आवाजात सुनावलं की झेरॉक्स पूर्ण पासपोर्टची काढायची असते, बापाचं आणि नवऱ्याचं नाव शेवटच्या पानावर असतं, पहिल्याच पानाची काढून पैसे वाचवणारा माणूस तिने दुसरा पाहिला नाही. खैरुद्दीनने मान खाली घातली.

त्याच वेळी दारावरची बेल वाजली. मारिविक होती. राइस कुकर राहिला होता, तो न्यायला ती आली होती, टॅक्सी बाहेर उभी होती. तपासनिसाला बघून ती थांबली.

तू यांना ओळखतेस का, तपासनिसाने विचारलं.

"हो सर. दीड वर्ष भाडेकरू होतो आम्ही. या खुंट्या आमच्या. आता आम्ही मुसफ्फाला राहतो."

"हे तिघं एक फॅमिली आहेत?"

मारिविकने तिघांकडे पाहिलं. मैमुनाबीने अजून माहनूरचा दंड सोडला नव्हता.

"सर, आई रागावते, वडील ऐकून घेतात, मुलगी इंग्लिशमध्ये उलट बोलते," ती म्हणाली. "एक फॅमिली. गॅरंटी."

तपासनिसाने तिचं नाव विचारलं. मारिविक व्हिलानुएवा, ती म्हणाली. त्याने लिहिता लिहिता वर पाहिलं.

"म्हणजे तुम्ही अकरा जण एक फॅमिली होतात?"

"नाही सर. व्हिलानुएवा."

त्याच्या आईकडे काम करणारी बाईही व्हिलानुएवा आहे, तो म्हणाला. आणि कालच्या गल्लीत दोन भेटल्या. त्या तुझ्या कोण?

"कोणी नाही, सर."

तपासनिसाने हे सर्व लिहिलं की नाही ते कळलं नाही. व्हिसाच्या पानांच्या प्रती आठवड्याच्या आत ऑफिसात आणून द्या, एवढं सांगून त्याने शेरा मारला आणि तो पुढच्या घराकडे गेला. शेरा अरबीत होता. खैरुद्दीनने फोनवरून बू राशिदला तो अक्षर अक्षर वाचून दाखवला. बू राशिद "तमाम" म्हणाला, म्हणजे सगळं ठीक. दुसरा शब्द आला नाही.

राइस कुकर अकरा माणसांचा होता, त्यामुळे तो उचलायला दोघं लागली. खैरुद्दीनने एक बाजू धरली, मारिविकने दुसरी. टॅक्सीच्या मागच्या सीटवर तो नीट बसवून झाल्यावर खैरुद्दीनने हात झटकले. ती दार उघडून आत बसणार तेवढ्यात त्याने विचारलं,

"तुझ्या घरी कोण कोण असतं?"

मारिविकने टॅक्सीचं दार तसंच धरून ठेवलं. मग तिने सांगायला सुरुवात केली. आई, आईची बहीण, धाकटा भाऊ, आणि एक मुलगा, आठ वर्षांचा, तिचा. त्याला दात येत नाहीयेत पुढचे. सांगायला बराच वेळ लागला. टॅक्सीवाला पठाण होता, त्याचं आडनाव खान होतं. त्याने मीटर चालू ठेवला आणि तोही ऐकत राहिला.